वाचकांचे प्रश्न: बंटी नेमका कुठे राहिला?

दिवाळी जवळ आली की या पानाकडे प्रवासाचे प्रश्न जास्त येतात. या वेळी दोनच घेतलेत. पहिला छोटा आहे, दुसऱ्याला मात्र जवळजवळ सगळं पान दिलंय, कारण ते पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. दिवाळीत सासरची-माहेरची मिळून 11 माणसं गणपतीपुळ्याला जायचं ठरतंय. माझ्या 6 वर्षांच्या मुलीला आंबा घाट लागला की दर वेळी उलटी होते आणि मग गाडीत सगळे तिच्यावर वैतागतात. तिची मामी म्हणते पोरगी घाबरट आहे, लक्ष देऊ नका, आपोआप सुटेल. खरंच तसं असतं का?

उत्तर: नाही हो, घाबरटपणाचा आणि याचा काही संबंध नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, वळणावर ती मेंदूला सांगते की आपण हलतोय, आणि त्याच वेळी डोळ्यांना समोर फक्त सीटची पाठ नाहीतर मोबाईल दिसत असतो, ते म्हणतात आपण जागेवरच आहोत. या दोन उलटसुलट निरोपांमुळे मळमळायला लागतं. साधारण 2 ते 12 वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, म्हणजे तुमची मुलगी अगदी त्याच वयात आहे. गाडी चालवणाऱ्याला सहसा उलटी होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसतं आणि शरीर तयार असतं.

म्हणून तिला मागच्या कोपऱ्यात टाकू नका. जिथून समोरचा रस्ता दिसेल अशा जागी मधल्या रांगेत बसवा, बेल्ट लावून. पुढच्या सीटवर कोणाच्या मांडीवर तर नकोच. घाटात मोबाईल आणि पुस्तक बंद, काच थोडी खाली. निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, फराळाचे डबे घाट उतरल्यावर उघडा. आल्याचा तुकडा चघळायला दिला तर काहींना बरं वाटतं. गोळी द्यायची असेल तर आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे किती द्यायची ते ठरवा आणि निघायच्या आधी द्या, मळमळायला लागल्यावर देऊन फारसा उपयोग होत नाही. आणि मामींना हे वाचून दाखवा. 6 वर्षांच्या पोरीला उलटी झाल्यावर आधी पाणी आणि पाठीवर हात हवा असतो, बोलणी नाहीत. हे मी जरा जोर देऊन लिहितेय, कारण पुढचं पत्रही एका उलटीपासूनच सुरू होतंय.

प्रश्न: ताई, हे जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. मी लहान असताना आमचं अख्खं खानदान एकदा दिवाळीच्या सुट्टीत अष्टविनायकाला गेलं होतं. 17 माणसं, एक भाड्याची मॅटाडोर आणि धाकट्या काकांची फियाट. आजीचा हट्ट होता की शास्त्राप्रमाणे पहिला मोरगावच. पुण्याहून पहाटे निघालो, स्टोव्ह, पातेली, लाडू-चिवड्याचे डबे, गाद्या, आणि भूकंपवाल्यांसाठी जुन्या कपड्यांचं एक मोठं गाठोडं, ते द्यायचं होतं कुठेतरी पण आम्ही पोरं तीन दिवस त्याच्यावरच झोपलो. मोठ्या काकांनी मॅटाडोरच्या टपावर बांधलेली वळकटी रस्त्यात सुटून पडली, आत्याची चप्पल एका देवळातून गेली, स्टोव्हची पिन हरवली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बंटी राहिला. धाकट्या काकांचा मुलगा, तेव्हा 5 वर्षांचा. एका देवळापाशी त्याला तसंच सोडून दोन्ही गाड्या निघून गेल्या.

आता आईला 75 पूर्ण होतायत, आम्ही सगळी भावंडं मिळून हॉलवर कार्यक्रम करतोय आणि त्यात "बंटी राहिला" अशी एक नाटुकली बसवतोय. पण बंटी कुठे राहिला यावरूनच भांडण! दादा तेव्हा 11 वर्षांचा होता, तो छातीठोकपणे सांगतो रांजणगाव, कारण त्याला हायवेच्या कडेला उभं राहून वाट बघितलेली आठवतेय, ट्रक जात होते, उसाच्या बैलगाड्या होत्या. मी 8 वर्षांची होते, मला सिद्धटेक वाटतं, कारण मला नदीतली नाव आठवते, आई बंटीचं मनगट इतकं घट्ट धरून बसलेली की त्यावर वळ उठले, आणि ती नावाड्याला परत परत सांगत होती, मोजा हो, सतरा आहेत ना मोजा. बंटीला स्वतःला फक्त तीन गोष्टी आठवतात. घाटात उलटी झाली तेव्हा खाली तळं होतं, मग त्याला पुढे खिडकीत बसवलं, आणि नंतर तो एका मोठ्या दगडी नंदीपाशी बसलेला, फुलं विकणाऱ्या एका आजींनी त्याला खोबरं-साखर दिली. आत्या म्हणते उलटी खंडाळ्याच्या घाटात झाली. वर्षावरूनही वाद आहे, कोणी 92 म्हणतं कोणी 94.

आणि खरी गोष्ट शेवटी लिहितेय. बंटीची आई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती आणि त्याला माझ्या आईच्या स्वाधीन केलं होतं. काका तेव्हा आईला म्हणाले, "वहिनी, बंटी कुठंय?" बस, एवढंच. नंतर ते कधीही काही बोलले नाहीत. पण आई आजही हा विषय निघाला की स्वयंपाकघरात निघून जाते. परवा नाटुकलीचं कळल्यावर हसली, आणि रात्री मला म्हणाली, माझ्याच्याने मोजायचं राहिलं गं. नाटुकली करावी का?
(एक वाचक, डोंबिवली. नाव न छापण्याची विनंती)

उत्तर: तुमचा खरा प्रश्न शेवटचाच आहे, पण त्याचं उत्तर बंटी कुठे आणि कसा राहिला यातच दडलंय असं मला वाटतं. मी तुमचं पत्र आणि समोर महाराष्ट्राचा रोडमॅप घेऊन दोन संध्याकाळी बसले. हा माझा अंदाज आहे हे आधीच सांगते, पण तुमच्याच आठवणी जोडून केलाय.

आधी वर्ष, कारण ते सोपं आहे. भूकंपवाल्यांसाठी कपड्यांचं गाठोडं होतं म्हणताय. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला, म्हणजे ही त्यानंतर लगेच आलेली दिवाळी, 1993 ची. पडताळून बघायचं असेल तर बंटीच्या पाठच्या भावंडाची जन्मतारीख बघा, बाळंतपण तेव्हाचंच ना.

आता नंदी. गणपतीच्या देवळासमोर उंदीर असतो, नंदी महादेवासमोर. अष्टविनायकात समोर भला मोठा नंदी असलेलं जे देऊळ सगळ्यांना माहीत आहे ते मोरगावचं. तिथली गोष्ट अशी सांगतात की एका शंकराच्या देवळासाठी हा नंदी गाडीतून नेत होते, मोरगावला विसाव्यासाठी थांबले आणि नंदी जो तिथे बसला तो हललाच नाही. 5 वर्षांच्या मुलाला देवळाचं नाव आठवणार नाही, तो कुठल्या तालुक्यात होता हे आठवणार नाही, पण ज्या दगडाला टेकून तो रडला तो त्याला आठवणारच. माझा सगळ्यात जास्त विश्वास बंटीवर आहे. तो मोरगावलाच राहिला.

मग दादाचा हायवे? रांजणगाव पुणे-नगर रस्त्यावर आहे, तिथे ट्रक असतात हे खरं. पण मोरगावहून सिद्धटेकला जायचा नेहमीचा रस्ता सुप्यावरून चौफुल्याला येतो, आणि चौफुला पुणे-सोलापूर हायवेवर आहे. दौंड-बारामतीकडचा भाग, दिवाळीत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होत असतो, म्हणून उसाच्या बैलगाड्या. दोन गाड्या असल्या की मोठ्या नाक्यावर चहाला थांबून एकमेकांना गाठायचं असंच तेव्हा ठरलेलं असायचं. मला वाटतं दोन्ही गाड्या चौफुल्याला चहाला थांबल्या, तिथे पहिल्यांदा सगळी माणसं एकत्र आली आणि तिथेच कळलं. दादा हायवेच्या कडेला उभा होता तो बंटी आणायला उलटी गेलेली फियाट परत यायची वाट बघत. तो खोटं बोलत नाहीये. त्याला जे ठिकाण आठवतंय तिथे बंटी राहिला नव्हता, तिथे दादा थांबला होता.

आणि तुमची नाव. सिद्धटेकला भीमा ओलांडावी लागते, शिरापूरच्या बाजूला गाडी उभी करून लोक नावेतून पलीकडे जायचे. म्हणजे मोरगावनंतर तुमचं पुढचं देऊळ हेच. काही तासांपूर्वी हरवलेलं पोर परत मिळालेलं, आणि लगेच पुढ्यात नदी. तुमच्या आईने मनगट घट्ट धरलं, नावाड्याकडून 17 मोजून घेतले, यात नवल काय. तुम्हाला आईचा तो चेहरा आठवतो म्हणून तुमच्यासाठी ती गोष्ट सिद्धटेकची झाली. तिघंही बरोबर आहात, फक्त एकाच दिवसाचे तीन तुकडे तिघांकडे आहेत.

आता उलटी, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. आत्या खंडाळा म्हणते, पण खंडाळ्याचा घाट तुम्हाला पाली-महडला जाताना लागला असणार, म्हणजे मोरगाव होऊन गेल्यावर. आजीच्या हट्टामुळे पहिला मोरगाव, आणि पुण्याहून मोरगावला जायचं म्हणजे हडपसरवरून दिवे घाट, मग सासवड, जेजुरी. दिवे घाट चढताना खाली वडकीला मस्तानी तलाव दिसतो, पावसाळा नुकताच संपलेला असला की त्यात पाणी असतं. बंटीचं तळं ते. पहाटे उपाशी निघालेलं पोर, डिझेलचा वास, मॅटाडोरची मागची सीट, घाट. उलटी होणारच होती.

आणि आता हे नीट वाचा. बंटी म्हणतो मग मला पुढे खिडकीत बसवलं. मॅटाडोरमध्ये पुढे बहुधा आजी बसली असणार, तेव्हा सगळ्या घरात तसंच असायचं, म्हातारं माणूस पुढे. मग बंटी पुढे खिडकीत बसला तो कुठल्या गाडीत? मला वाटतं फियाटमध्ये, वडिलांच्या शेजारी. आणि त्याला तिथे कोणी नेऊन बसवलं असेल? ज्यांच्या स्वाधीन तो होता त्यांनीच, तुमच्या आईने. पोराला मागे त्रास होतोय, मोकळ्या हवेत बापाजवळ बसू दे, असं म्हणून. शहाणं माणूस हेच करेल, मागच्या कोपऱ्यात टाकू नका, समोरचा रस्ता दिसू द्या, असं वरच्या कोल्हापूरच्या ताईंनाही मी सांगितलंय.

पण त्याच क्षणी बंटीचा हिशोब बदलला. आईच्या दृष्टीने तो आता फियाटमध्ये होता, सख्ख्या बापाजवळ, याहून सुरक्षित जागा कुठली. आणि काकांच्या दृष्टीने तो वहिनींकडे सोपवलेला होता, उलटी थांबली, मोरगावला दर्शन झालं, बरोबरीची पोरं मॅटाडोरकडे पळाली, त्यांच्याबरोबर हाही गेला असणार. दोघांनीही त्याचा विचार केला होता आणि दोघांचाही विचार बरोबरच वाटण्यासारखा होता. मॅटाडोर निघाली, फियाट निघाली. तेव्हा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत विचारायची सोयच नव्हती, भारतात मोबाईल आले तेच 1995 मध्ये. चौफुल्यापर्यंत साधारण 25 किलोमीटर कोणालाही शंका येण्याचं कारण नव्हतं.

म्हणून काकांचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "वहिनी, बंटी कुठंय?" तुमच्या आईने त्यात इतकी वर्षं आरोप ऐकलाय. पण ज्याला खात्री आहे की मूल वहिनींकडे आहे तो माणूस दुसरं काय विचारेल? त्यात मला आरोप दिसत नाही, फक्त एका बापाची समजूत दिसते की तो तुमच्याकडेच होता ना. आणि माझी खात्री आहे की तुमच्या आईच्या तोंडूनही त्याच वेळी निघालं असेल, "तुमच्याकडे नाही?" ते दुसरं वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण त्यानंतर गाडी वळवायची पळापळ सुरू झाली. पहिलं वाक्य एकट्या आईजवळ राहिलं.

आणि मोजायचं राहिलं म्हणतात त्या! 17 माणसं, दोन गाड्या, सतत या गाडीतून त्या गाडीत जाणारी पोरं, कोणी मांडीवर, कोणी गाठोड्यावर झोपलेलं. अशी मोजणी एका बाईने करायची असते असं कोणी ठरवलं? ती तर प्रत्येक गाडीत एकेका मोठ्या माणसाने करायची आणि निघण्याआधी एकमेकांना आकडा सांगायचा. त्या दिवशी त्या दोन गाड्यांमध्ये धडधाकट पुरुष माणसं किती होती ते जरा आठवून बघा. स्टोव्ह आईने भरला, लाडू आईने केले, पोरांची अंथरुणं आईने बांधली, पहाटे सगळ्यांच्या आधी त्याच उठल्या असणार, आणि चूकही त्यांच्याच एकटीच्या नावावर. हे मला मान्य नाही. आमच्याकडेही हेच व्हायचं, गावी जाताना कशेडी घाटात काहीही विसरलं की आधी माझ्या आईचं नाव निघायचं, आणि ते ऐकताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं, म्हणून मला याचा राग येतो.

आणखी एक हिशोब त्यांना सांगा. घरात ही गोष्ट रंगत गेली की पोरगं दिवसभर एकटं होतं इथपर्यंत जाते. पण मोरगाव ते चौफुला तेव्हाच्या रस्त्याने पाऊण तास, चहाला थांबल्याबरोबर कळलं, परत तेवढाच वेळ. दीड-दोन तास झाले. 5 वर्षांच्या मुलाला ते खूप वाटले असणार, मी कमी लेखत नाहीये. पण तेवढा वेळ फुलवाल्या आजी त्याच्याजवळ होत्या, त्याच्या हातात खोबरं-साखर होती, आणि तो हलला नाही, नंदीपाशीच बसून राहिला म्हणून लगेच सापडला.

माझ्या अंदाजावर विसंबू नका, पुरावे शोधा, घरात असतात. त्या ट्रिपचे फोटो असतील तर निगेटिव्ह शोधा. फोटो अल्बममध्ये कसेही लागलेले असतात पण निगेटिव्हच्या पट्टीच्या कडेला प्रत्येक फोटोचा नंबर छापलेला असतो, त्यावरून कुठला आधी कुठला नंतर ते कळतं आणि बंटी कुठल्या गाडीच्या खिडकीत आहे तेही दिसू शकेल. अभिषेकाच्या किंवा देणगीच्या पावत्या देवघराच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर आजीच्या पोथीत घडी करून ठेवलेल्या असतात, त्यावर तारीख आणि गाव दोन्ही असतं. आणि मोठे काका हिशोबाची वही ठेवणाऱ्यांपैकी असतील तर ती तर सोनंच, डिझेल किती, चहा किती, सगळं क्रमाने.

पण सगळ्यात आधी धाकट्या काकांकडे जा. तुम्ही त्यांच्याबद्दल काही लिहिलं नाही पण ते आहेत असं मी धरून चालतेय. ग्रुपवर विचारू नका, फोनवरही नको. प्रत्यक्ष जाऊन बसा आणि एवढंच विचारा, काका, मोरगावहून निघताना बंटी कुठे आहे असं तुम्हाला वाटत होतं? ते इतकी वर्षं गप्प आहेत याचा अर्थ त्यांना राग आहे असा तुमची आई घेतेय. मला तर वाटतं तेही मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतील, स्वतःचा मुलगा आपल्या गाडीतून उतरला आणि आपण मागे वळून पाहिलं नाही म्हणून. हे त्यांनी तुमच्या आईला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. कार्यक्रमात माईकवर नाही, 60 माणसांसमोर नाही. आधी एखाद्या दुपारी घरी या म्हणावं, चहाला. बंटीलाही आणा, तो आता चांगला पस्तिशीचा असेल, त्याच्याकडून आईला नंदीची आणि खोबऱ्याची गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू दे. त्यांनी ती तशी कधी ऐकलीच नसेल, कारण विषय निघाला की त्या स्वयंपाकघरात जातात.

नाटुकली आत्ता थांबवा. त्या दुपारनंतर आई स्वतःहून म्हणाल्या की करा, तर करा, नाहीतर वळकटी पडली, चप्पल गेली, पिन हरवली यावर एक अख्खी नाटुकली होते, त्यात बंटीची गरज नाही. आजीचं मोरगाव पहिलं म्हणून अडून बसणं तर जरूर घ्या.

आणि ती वही मिळाली तर चौफुल्याच्या पानावर चहा किती सांगितले होते ते मला नक्की कळवा. पोरांना दूध असेल तर तेही मोजा.